हस्ते, शेख गफूर

हे मी कोणाजवळच बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवाजवळ तर नाहीच—देवापुढे बसलं आणि ही गोष्ट ओठांवर आली, की मला एकदम गॅस बंद केला का ते आठवतं आणि मी उठून जाते. मग हे लिहून तुमच्याजवळ काहून बोलते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुमच्यासमोरही मी दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिले असते.

एक आधी सांगते. मी भित्री आहे. पुसदमध्ये हे कोणालाही सांगा, तो हसेल. सगळी नोकरी मास्तरकीत गेली—आधी फुलसावंगीकडच्या एका खेड्यात, मग महागावला, शेवटी पुसदला—आणि जिथं गेले तिथं एकच नाव, कडक बाई. पोट्टे माझी छत्री दिसली तरी रांगेत उभे राहत. खोटं तर मला मुळीच खपत नसे. एका मुलीनं एकदा सांगितलं, बाई, वही बकरीनं खाल्ली. मी म्हटलं, उद्या बकरीला घेऊन ये, तिलाच विचारू. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिची आई आली, पदरात चघळलेल्या वहीचे तुकडे घेऊन. मी काय केलं असेल? पोरीची समजूत काढली? नाही. म्हटलं, वह्या उंचावर ठेवत जा.

ती मुलगी मला अलीकडे फार आठवते. का, ते—थांबा. तिथं यायला अजून वेळ आहे. मला हे एकदम नाही सांगता येणार.

आमचं एक दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि ह्यांचं. दोघांच्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, वर थोडं कर्ज करून, पुसदच्या एका वाहत्या रस्त्यावर घेतलेला गाळा. म्हातारपणी भाडं येत राहील हा विचार. पहिल्या दिवसापासून भाडेकरू एकच, शेख गफूर. गफूरभाई. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांच्या आतली तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानापुढे मोटारींची रांग लागायची आणि तारेवर चढवायच्या व्हार्निशचा वास चौकापर्यंत यायचा. हात असा, की उमरखेडकडचे शेतकरी चार दुकानं ओलांडून त्यांच्याकडे येत. बोलणं कमी. भाडं एक तारखेला. एक तारखेला म्हणजे एक तारखेलाच, मग त्या दिवशी ईद असो की पोळा.

हे होते तोवर दुकानाचा पालिकेचा कर आम्ही भरत होतो. मग हे गेले. गाळ्याचा करार संपला, नवा करायचा होता, आणि मला कोणीतरी सुचवलं—कोणीतरी कशाला, माझ्याच मनानं सुचवलं—की आजूबाजूचे सगळे मालक कर भाडेकरूवर टाकतात, मग आपणच काहून भरायचा? गफूरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे बाई. तेव्हापासून दर मार्चमध्ये ते स्वतः पालिकेत जात, रांगेत उभे राहत, स्वतःच्या खिशातून कर भरत आणि पावती मला आणून देत. मालकाचा कागद मालकाच्या घरी, असं म्हणत. पावती आणि कराचं बिल एकत्र जोडलेलं असे, पण टाचणीनं नाही. तांब्याच्या तारेचा एक बारीक वेढा दिलेला असे. त्यांच्या दुकानात टाचणी कुठून सापडणार?

आता नीट ऐका, सगळं इथंच आहे.

पावती हातानं लिहिलेली असायची. वर मालक म्हणून माझं नाव, मग रक्कम, आणि खाली एक ओळ—हस्ते. म्हणजे पैसे कोणी आणून भरले त्याचं नाव. तिथं पालिकेतला बाबू दर वर्षी लिहायचा, शेख गफूर, भाडेकरू.

मला पेन्शन, वर हे भाडं, म्हणजे आयकराचं विवरणपत्र आलंच. ते माझे वकीलसाहेब भरत. टॅक्सचंच काम करणारा म्हातारा, सरळ माणूस. त्यांनी पहिल्याच वर्षी मला पहिलीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं होतं. वर्षाच्या भाड्यातून पालिकेचा कर वजा होतो. मग उरेल त्यातले शेकडा तीस दुरुस्तीबिरुस्तीसाठी कायदाच सोडून देतो, त्याला पावती लागत नाही. पण पालिकेच्या कराला अट आहे. तो मालकानं स्वतः भरलेला पाहिजे, आणि त्याच वर्षात. भाडेकरूनं भरला तर मालकाला वजावट नाही.

समजलं होतं मला. गणित शिकवलेली बाई आहे मी, न समजायला काय झालं?

कर गफूरभाईंवर टाकल्यानंतरचं पहिलं वर्ष. वकीलसाहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, बाई, पालिकेचा कर भरला? मी म्हटलं, भरला. त्यांनी मान वर केली. म्हणाले, तुम्हीच नं?

मी म्हटलं, मीच.

झालं. एवढंच. पावती दाखवा म्हणाले असते तर कदाचित—जाऊ द्या, कदाचितला काही अर्थ नाही. ते पावती मागत नसत. बाईंच्या शब्दावर त्यांचा भरवसा. कडक बाई नं मी! आणि मग दर वर्षी तेच. भरला? भरला. तुम्हीच? मीच. दुसऱ्यानं रांगेत उभं राहून भरलेला पैसा मी माझा खर्च म्हणून सरकारला दाखवत राहिले. वाचायचं किती? वर्षाला एक बरीशी सुती साडी यावी एवढं. साड्या काय मला कमी होत्या? पहिल्या वर्षी लोभानं केलं, हे मान्य. नंतरची सगळी वर्षं भीतीनं केलं. एकदा मीच म्हटल्यावर पुढल्या वर्षी, नाही हो, भाडेकरूनं भरला, असं म्हणायचं कसं? वकीलसाहेब चष्म्यावरून पाहतील. मग मागच्या वर्षीचं काय, असं विचारतील. त्या एका प्रश्नाला भिऊन मी तेच खोटं पुन्हा बोलत राहिले.

तुम्ही म्हणाल, पावत्या फाडून का नाही टाकल्या? फाडवेनात. सरकारी शिक्का असलेला कागद फाडायला हिंमत लागते, ती माझ्यात नाही. ह्यांची एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात तळाला, लग्नातल्या शालूच्या खाली, एकेक वर्षाची पावती जात राहिली. चावी कमरेला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. पेपरात कुठं छापा पडल्याची बातमी आली—दूरच्या शहरात, कोणा बिल्डरकडे, कोट्यवधींची—की इकडे मी तो पेपर घडी घालून रद्दीच्या तळाशी सारायची. माझी चोरी सुती साडीची, आणि भीती मात्र कोट्यवधींची! पोस्टमन दारावरून पुढे गेला की मला हायसं वाटायचं. दंडाची भीती नव्हती हो, दंड भरला असता. भीती वाटायची ती वेगळीच. वाटायचं, एक दिवस दारात साहेब उभा राहील, वाकून पाया पडेल आणि म्हणेल, ओळखलं का बाई, मी तुमच्या वर्गातला. आणि मग फाईल उघडेल.

नंतर एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला. आपल्या विवरणपत्रातल्या वजावटी तपासून पाहा, चूक असेल तर दुरुस्त करा. आता कळतं की तो माझ्यासारख्या असंख्य लोकांना गेला असणार. तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी मोबाईल पालथा घातला आणि त्यावर उशी ठेवली. खरंच ठेवली. दिवसभर उशीखाली मोबाईल वाजत राहिला आणि मी स्वयंपाकघरातून हलले नाही. मुलीचा फोन होता, संध्याकाळी कळलं.

दुसरी गोष्ट, आमचा रस्ता रुंद व्हायचं ठरलं. आमच्या बाजूची दुकानांची अख्खी रांग पडणार होती. मालकांना जागेचा मोबदला. आणि तिथं बसून जे धंदा करत होते त्यांना नव्या संकुलात एकेक गाळा, कायमचा, अगदी थोड्या पैशांत. अट एकच. हा माणूस बऱ्याच वर्षांपासून इथं बसतो आणि इथला कर भरतो, याचा पुरावा द्यायचा. पुरावा नसेल तर तो गाळाही मालकाच्याच नावावर.

गफूरभाईंकडे पुरावा काय होता? विजेचं मीटर माझ्या नावाचं. दुकानाचं लायसन त्यांनी कधी काढलं नाही. करार अकरा महिन्यांचा, तो केव्हाच संपलेला, पुढं सगळं शब्दावर चाललेलं. पालिकेच्या कॉम्प्युटरमध्ये मालकाचं नाव आणि रक्कम, बाकी काही नाही. जुनी पावतीपुस्तकं मुदत संपल्यावर निकालात काढलेली. हातानं लिहिलेलं त्यांचं नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. माझ्या ट्रंकेत, शालूखाली.

ते आले तेव्हा दुपार होती. मी तूर निवडत बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते न बोलावता खुर्चीवर बसले, आणि पहिल्यांदाच भरभरून बोलले. नव्या गाळ्यात मोटार टांगायला लोखंडी घोडा कसा बसवायचा, व्हार्निश वाळवायची भट्टी कोणत्या कोपऱ्यात, सगळं ठरलं होतं. म्हणाले, "या वयात आपल्या नावाचं शटर भेटून राह्यलं बाई." मग म्हणाले की मुदत पंधरा दिवसांची आहे. पावत्या पाहिजेत, ते तार गुंडाळून देत होते त्या. आणि माझं दोन ओळींचं पत्र, की या गाळ्याचा कर हाच भाडेकरू भरत आला आहे. कोरा कागद आणि पेनही त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

मी कागदाकडे पाहत होते. हाच भाडेकरू भरत आला आहे—खाली सही माझी. माझ्या अक्षरात. माझं अक्षर अख्ख्या तालुक्याला ठाऊक, फळ्यावर पाहिलेलं! हा कागद पालिकेत जाईल, तिथून कुठं जाईल? आधार पॅनला जोडलेलं, पॅन बँकेला जोडलेलं, मग पालिका कशाला आणि कुठं जोडलेली नसेल? नुकताच तर मेसेज आलेला. मी सुपातली निवडलेली तूर पुन्हा निवडायला घेतली.

मी म्हटलं, "गफूरभाई, त्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या."

तुम्हाला बकरी आठवली असेल. मला तेव्हा नाही आठवली.

आणि मी तिथंच थांबले असते तर एक वेळ—नाही, तरीही तेच. पण मी थांबले नाही. आयुष्यभर पोरांना शिकवलं, उत्तराला पुरावा जोडा. मागच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा होता, त्याला खरंच वाळवी लागली होती. मी सुपातली तूर टोपलीत ओतली, तो भुगा सुपात घातला आणि त्यांच्यापुढे आणून ठेवला. म्हटलं, पाहा, हेच उरलं.

त्यांनी वाकून पाहिलं. एका बोटानं एक तुकडा उलटा केला. मी त्या बोटाकडे पाहत होते, कारण त्या कागदावर कुठंही लाल शाई असू शकत होती. एखाद्या पोराचं नाव, मी दिलेले मार्क. त्यांनी तो तुकडा पुन्हा सुपात ठेवला, अगदी सावकाश, मोडू नये म्हणून. म्हणाले, "असू द्या बाई. वाळवीले काय समजते, कोनता कागद कामाचा हाय ते."

त्यांना लाल शाई दिसली होती का? मला माहीत नाही. आजही माहीत नाही. विचारायची हिंमत कुठून आणू?

उठताना त्यांनी पत्राचं पुन्हा एकदा विचारलं. पावत्या नाहीत तर नाहीत, नुसतं पत्र तरी. त्यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, पुराव्याशिवाय लिहून द्यायचं म्हणजे खोटं लिहिल्यासारखं होतं, गफूरभाई. हो, खोटं. हा शब्द मी त्यांच्यासमोर वापरला. त्यांनी कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघाले.

आठ दिवसांनी पुन्हा आले. मला वाटलं, आता काहीतरी कळलंय. पण पाठीवर फवारणीचा पंप आणि हातात कृषी केंद्रातून आणलेली औषधाची बाटली. म्हणाले, वाळवी एका जागी राहत नाही, बाकीचे कागद तरी वाचवा, तुमच्या पेन्शनचे कागद असतील, घराचे असतील. मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि मागच्या खोलीपासून सुरुवात केली. भिंतीच्या कडा, दाराच्या चौकटी, कपाटाच्या मागे. आपल्या दुकानाचा फैसला व्हायला सात दिवस उरले असताना हा माणूस माझ्या घरातली वाळवी मारत होता.

मग ट्रंकेपाशी आले. म्हणाले, "ट्रंक खोला बाई, आतून बी मारून देतो."

मी म्हटलं, चावी हरवली.

चावी कमरेला होती, पदराखाली. श्वास घेतला तर वाजेल असं वाटत होतं. ते माझ्याकडे पाहत होते की ट्रंकेकडे, ते मला सांगता येणार नाही, कारण माझी नजर फरशीवर होती. त्यांनी ट्रंक एका बाजूनं उचलली, तिच्या पायांखाली विटेचे तुकडे सारले, चारही कोपऱ्यांना खालून औषध मारलं. पैसे घेतले नाहीत. मोरीत तीनदा हात धुतले, चहा घेतला आणि गेले.

तेव्हाही सात दिवस होते माझ्याकडे. हे विसरू नका. मी सांगताना भराभर पुढे जाईन, पण ते सात दिवस एकेक करून गेले. रोज सकाळी उठून मी चावी हातात घ्यायची, पुन्हा खोचायची. एकदा तर चप्पल घालून फाटकापर्यंत गेले. तिथं शेजारीण भेटली, तिच्याशी मेथीच्या भावाबद्दल बोलले आणि परत आले.

आणि आणखी एक, हे तर मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. गफूरभाईंच्या जागी दुसरा कोणी असता—आमच्यातला, गावात पाच नातेवाईक असलेला, चार लोकांना घेऊन दारात येणारा—तर मी त्याला वाळवीची गोष्ट सांगितली असती का? नसती सांगितली. ते भांडणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत, कोणाला मधे घालणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. का भांडणार नाहीत, तेही ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्याचा मी फायदा घेतला.

मुदत संपली. दुकानांची रांग पाडायला यंत्र आलं. गफूरभाईंनी आपली पाटी आदल्या दिवशीच उतरवून नेली होती. मला जागेचा मोबदला मिळाला, आणि पुराव्याअभावी संकुलातला गाळाही माझ्या नावावर झाला. मी मागितला नव्हता हो. पण नको असंही म्हटलं नाही. बोलावलं तेव्हा गेले आणि सही करून आले.

मग एकदा धीर करून वकीलसाहेबांना विचारलं. माझी एक मैत्रीण आहे म्हटलं, तिनं असं असं केलं, भाडेकरूनं भरलेला कर स्वतःचा म्हणून वजा केला, तर तिला काय होईल? वकीलसाहेब हसले. म्हणाले, काय होणार, मागच्या काही वर्षांचं विवरणपत्र सुधारून भरायचं, थोडा कर, त्यावर थोडं व्याज आणि उशिरा सुधारल्याची थोडी जादा रक्कम. फार तर तिच्या एका महिन्याच्या भाड्याएवढं जाईल. तिला म्हणावं, घाबरू नको.

एका महिन्याचं भाडं. मी जिना उतरून खाली आले आणि पायरीवरच बसले.

मग सुधारून भरलं का? नाही. कारण आता ते सुधारायचं म्हणजे लिहून द्यायचं की कर माझा नव्हता, गफूरभाईंचा होता. आणि कर त्यांचा होता म्हणजे गाळा त्यांचा होता. आधी मी आयकराला भीत होते. आता गाळ्याला भिते. एका भीतीला झाकायला गेले आणि तिच्या पोटातून दुसरी, तिच्यापेक्षा भल्ली मोठी निघाली.

गफूरभाई त्या दिवसांत महागावला कोणाच्या तरी दुकानात रोजानं जात होते. ज्यांना लोक उस्ताद म्हणत ते सकाळच्या एसटीनं डबा घेऊन जायचे. बस स्टॅंडवर मला एकदा दिसले. मी छत्री पुढे धरली आणि वळले. तुमच्या ध्यानात आलं का? ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

मग ते घरी आले. उभ्यानंच म्हणाले, "बाई, तो गाळा मलेच द्या नं भाड्यानं. दुसऱ्याच्या हाताखाली आता जमत नाही."

काय करायला हवं होतं, ते तुम्हाला समजतं, मलाही समजत होतं. ट्रंक चार पावलांवर होती. मी म्हटलं, घ्या नं गफूरभाई, तुम्हाला नाही तर कोणाला देऊ? भाडं बाजारापेक्षा थोडं कमी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गावभर सांगितलं की बाईंसारखी मालकीण मिळायला नशीब लागतं. जिल्हाभर माझे विद्यार्थी आहेत, त्यांच्यापर्यंत ते गेलं. परवा एकानं फोन करून सांगितलं, बाई, तुम्ही अजून तशाच आहात.

भट्टी त्यांनी म्हटलं होतं त्याच कोपऱ्यात आहे. लोखंडी घोडाही बसवला आहे. ज्या शटरवर त्यांचं नाव लागायचं होतं त्याचं भाडं ते दर महिन्याला मला आणून देतात आणि वर दुवा देतात.

या गाळ्याचा कर मी स्वतः भरते. रांगेत उभी राहते. वकीलसाहेब विचारतात, तुम्हीच नं? मी म्हणते, मीच. आता ते खरं आहे. तरी तो प्रश्न आला की मानेवरून घाम उतरतो.

आज हे लिहायला बसायच्या आधी ट्रंक उघडली. शालू बाजूला केला. सगळ्या पावत्या आहेत, एकीलाही भोक नाही. तारेचे वेढे जसेच्या तसे आहेत. प्रत्येकीवर हस्ते, शेख गफूर, भाडेकरू. मोजल्या, पुन्हा होत्या तशा ठेवल्या, कुलूप लावलं.

उद्या एक तारीख आहे. गफूरभाई येतील. पावसाळ्याआधी औषध पुन्हा एकदा मारून घेऊ म्हणाले आहेत, तेव्हा पंपही आणतील. मी कुलूप लावलेली ट्रंक भिंतीपासून पुढे ओढून देईन, त्यांना मागून फवारता यावं म्हणून. मग चहा ठेवीन आणि भाडं मोजून घेईन.